वाचनालयाच्या लॅपटॉपवर परतीच्या तारखेची पट्टी : प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, शासनमान्य, ‘ब’ वर्ग. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ उघडं, सोमवारी बंद. देवघेव टेबलावर एक लॅपटॉप, एक तारखेचा शिक्का आणि काका. पुस्तक पंधरा दिवसांसाठी दिलं जातं. काका रोज सकाळी कॅलेंडरवर बोट ठेवून पंधरा घरं मोजतात आणि शिक्क्याचे रबरी पट्टे फिरवतात.

परवा एक दिवस कमी मोजला गेला. संध्याकाळी लक्षात येईपर्यंत ३८ पुस्तकांवर चुकीची तारीख पडली होती. उशिरा परत आलं तर दिवसाला १ रुपया दंड आहे. रुपयाचं काही वाटत नाही, पण चिठ्ठीवरच्या तारखेवर सभासदाचा विश्वास असतो आणि तो जपणं माझं काम आहे.

म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर कायम दिसेल अशी पट्टी हवी: आजची तारीख, वार आणि ‘परत करण्याची तारीख’. सगळं मराठीत आणि देवनागरी अंकांत. काकांनी मान वर केली की शिक्का पडताळता यावा, एवढंच.

अनुदानातून सॉफ्टवेअर घेणं शक्य नाही. विंडोज ७ मध्ये पडद्यावर ठेवायची छोटी घड्याळं-कॅलेंडरं, म्हणजे ‘गॅजेट्स’ होती, पण सुरक्षेच्या कारणाने ती बंद करून टाका असं मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये सांगितलं. शेवटी रेनमीटर घ्यायचं ठरवलं, म्हणजे विंडोजच्या पडद्यावर अशा पट्ट्या, घड्याळं दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि २००१ पासून चालू आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. ज्याला असंच काही करायचं असेल त्याच्या उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवते आहे.

सोमवार, १० जून

सुट्टीचा दिवस, वाचनालयात मी एकटीच. रेनमीटर उतरवून बसवायला फोनच्या नेटवर दहा मिनिटं लागली. बसवल्याबरोबर ‘इलस्ट्रो’ नावाचा नमुना आपोआप दिसला: घड्याळ, डिस्कमधली जागा, प्रोसेसर किती कामात आहे ते.

इथे मी तीन तास घालवले. एका संकेतस्थळावरून एक देखणी ‘स्किन’, म्हणजे रेनमीटरने पडद्यावर दाखवायचा तयार नमुना, घेतली. गोल घड्याळ, गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या रेघा, हवामान. लॅपटॉप २०१६ साली एका देणगीदाराने दिलेला, ४ जीबी रॅमचा. पंखा घरघरायला लागला. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर एकटं रेनमीटर तीस टक्क्यांच्या आसपास प्रोसेसर खात होतं. फाइल उघडली, पहिल्याच भागात ‘अपडेट’ पुढे २५ लिहिलेलं होतं. हा आकडा मिलिसेकंदांचा, म्हणजे पडदा सेकंदाला चाळीस वेळा रंगवला जात होता. नेहमीचा आकडा १०००. तो घातल्यावर पंखा शांत झाला, पण रेघांचं नाचणंही अडखळलं. हवामानाचा चौकोन तर रिकामाच होता, कारण ती स्किन ज्या सेवेकडून माहिती ओढत होती ती केव्हाच बंद पडली आहे.

ती स्किन काढून टाकली. दुसऱ्यांच्या तयार स्किनबरोबर कधी कधी प्लगिनही येतात, म्हणजे सरळ चालणारे प्रोग्रॅम. सभासदांची नोंदवही ज्या लॅपटॉपवर आहे त्यावर असं काही आणायला नको होतं. आता कोऱ्या फाइलपासून सुरुवात.

मंगळवार, ११ जून

स्किन म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, शेवटी ‘आयएनआय’. डॉक्युमेंट्समध्ये रेनमीटर, त्यात स्किन्स, त्यात आपण केलेला फोल्डर. आत दोन प्रकारचे तुकडे असतात. ‘मेझर’ माहिती आणतो, ‘मीटर’ ती पडद्यावर काढतो. माझा पहिला मेझर वेळेचा, पहिला मीटर मजकुराचा.

नोटपॅडमध्ये ‘परत करण्याची तारीख’ असं लिहिलं, फाइल जतन केली, स्किन चालू केली. पडद्यावर डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली रोमन अक्षरं ओळीने उभी राहिली. वाटलं, फॉन्ट नाही. निर्मला यूआय घातला, मंगल घातला, कोकिला घातला. तिन्ही वेळा तोच कचरा. दीड तास गेला.

दोष फॉन्टचा नव्हताच. अक्षरं फाइलमध्ये साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. नोटपॅड आजकाल फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करतं. रेनमीटरला देवनागरीसाठी यूटीएफ-१६ एलई लागतं. ‘सेव्ह ॲज’च्या चौकटीत खाली ‘एन्कोडिंग’ असं लिहिलेलं असतं, तिथे ते निवडायचं. निवडलं, स्किन ताजी केली आणि पडद्यावर स्वच्छ मराठी उमटलं. मराठीत स्किन करायला घेतली तर सगळ्यात आधी हे करा, मग पहिली ओळ लिहा.

महिन्यांची आणि वारांची नावं हाताने लिहावी लागत नाहीत. वेळेच्या मेझरमध्ये ‘फॉरमॅटलोकेल’ला मराठी-भारताचा संकेत दिला की ‘मंगळवार’, ‘जून’ आपोआप येतं. अंक मात्र इंग्रजीच राहतात. त्यासाठी ‘सब्स्टिट्यूट’मध्ये, म्हणजे एका मजकुराच्या जागी दुसरा घालणाऱ्या ओळीत, शून्यापासून नऊपर्यंत दहा जोड्या लिहिल्या.

निर्मला यूआयमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. ‘जुलै’ शब्द रोज डोळ्यांसमोर राहणार, म्हणून हे मला खुपतं. सध्या तसंच ठेवलं आहे.

गुरुवार, १३ जून

पट्टी तयार झाली, पण नोंदवहीचं सॉफ्टवेअर पूर्ण पडदा व्यापतं आणि पट्टी त्याच्यामागे जाते. काका म्हणाले, “मॅडम, मला तर काहीच दिसत नाही.”

पट्टीवर उजवी टिचकी मारून तिची जागा ‘नेहमी सर्वांत वर’ अशी केली. मग ती नेमकी ‘जतन करा’ बटणावर येऊन बसली. आपला पडदा १३६६ गुणिले ७६८ चा, मोकळी जागा फारशी नाही. शेवटी सॉफ्टवेअरच्या वरच्या कडेला, जिथे नुसतं वाचनालयाचं नाव असतं, तिथे बसेल एवढी पट्टी बारीक केली: उंची ३४ पिक्सेल. ‘क्लिक थ्रू’ही चालू केलं, म्हणजे पट्टीवर पडलेली टिचकी तिच्याखालच्या खिडकीला मिळते. पण तेव्हापासून उजवी टिचकीही पट्टीला लागत नाही. बदल करायचा झाला की कंट्रोल दाबून टिचकी मारायची किंवा रेनमीटरच्या मुख्य खिडकीतून जायचं. हे कळेपर्यंत पट्टी दोनदा बंद करून पुन्हा चालू केली.

रविवार, १६ जून

आज सकाळी पट्टीवर ‘३१ जून’ असं आलं.

मी काय केलं होतं ते कबूल करते. आजच्या दिवसाच्या आकड्यात सरळ पंधरा मिळवले होते आणि पुढे महिना लिहिला होता. पट्टी तयार झाल्यापासून कालपर्यंत ते बरोबर दिसत होतं, म्हणून शंका आली नाही. १६ आणि १५ मिळून ३१. जूनला एकतिसावा दिवस नसतो.

काकांनी शिक्क्याला हातही लावला नव्हता. म्हणाले, “मॅडम, हा मशीनचा महिना. मी दोन जुलै लावलाय.” मी विचारलं, “एक का नाही?” “एकला सोमवार. बंद.”

म्हणजे चुका दोन होत्या, आणि दुसरी माझ्या लक्षातच आली नव्हती.

सोमवार, १७ जून

दोन्ही दुरुस्त केल्या. चार तास.

रेनमीटर वेळ सेकंदांत मोजतं, १ जानेवारी १६०१ पासून. तेव्हा तारखेत दिवस मिळवायचे नाहीत, सेकंद मिळवायचे. पंधरा दिवसांचे १२,९६,००० सेकंद. आजच्या मेझरची ‘टाइमस्टॅम्प’ घ्यायची, त्यात हा आकडा मिळवायचा आणि तो दुसऱ्या वेळेच्या मेझरला द्यायचा. महिना, वर्ष, लीप वर्ष सगळं तोच बघतो. एक गोष्ट मी विसरले होते: दुसऱ्या मेझरमध्ये ‘डायनॅमिकव्हेरिएबल्स’ पुढे १ लिहावं लागतं. नाहीतर पहिल्या क्षणी वाचलेला आकडा तसाच राहतो आणि तारीख मध्यरात्रीनंतरही पुढे सरकत नाही.

सोमवारचं गणित सोपं निघालं. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे आणि एक दिवस. त्यामुळे परतीची तारीख सोमवारी पडते ती फक्त रविवारी दिलेल्या पुस्तकांची. वाराचा आकडा शून्य, म्हणजे रविवार, असेल तर एक दिवस जादा. हे सूत्र लिहिताना भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे बरोबरची दोन चिन्हं टाकली आणि मेझर बंद पडला. रेनमीटरच्या सूत्रात तुलनेसाठी एकच बरोबरचं चिन्ह लागतं. ‘अबाउट’ खिडकीतल्या ‘लॉग’मध्ये चूक लिहिलेली होती. ती खिडकी मी पहिल्या दिवसापासून उघडी ठेवायला हवी होती.

शुक्रवार, २८ जून

दुपारपासून धो धो पाऊस. सव्वापाचला लाइट गेली. ट्यूब आणि पंखे इन्व्हर्टरवर असल्याने कुणाला कळलंच नाही. लॅपटॉपचा पॉइंट मात्र इन्व्हर्टरवर नाही. वीस मिनिटांनी नोंद करता करता पडदा काळा झाला. सात पुस्तकांच्या नोंदी गेल्या. काकांनी त्या शिक्क्याच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा लिहून काढल्या.

रात्री घरी बसून पट्टीत बॅटरीचा मेझर घातला. वीस टक्क्यांखाली गेली की पट्टी लाल व्हायची.

रविवार, ३० जून

पुन्हा लाइट गेली, पुन्हा लॅपटॉप बंद पडला, आणि पट्टी लाल झालीच नाही. या जुन्या बॅटरीचे टक्के खरे नाहीत. ३८ दाखवत होती आणि तिथूनच मेली.

टक्क्यांचा नाद सोडला. बॅटरीचा मेझर रेनमीटरच्या ज्या प्लगिनमधून येतो त्यातच ‘एसीलाइन’ मिळतं: चार्जरमधून वीज येत असेल तर १, नसेल तर ०. शून्य झालं की लगेच पट्टी लाल आणि मजकूर ‘लाइट गेली, नोंद जतन करा’. बरोबर घंटाही हवी होती. आमच्याकडे देवळातल्या घंटेचा एमपीथ्री होता, तो वाजला नाही. रेनमीटरची ‘प्ले’ आज्ञा फक्त वेव्ह फाइल वाजवते. आवाज बदलून घेतला. काकांनी स्वतः चार्जर काढून तीनदा पाहिलं. दर वेळी घंटा वाजली. तिसऱ्या वेळी बालविभागातली मुलं धावत आली, त्यांना वाटलं आरती.

वायरमनला बोलावून लॅपटॉपचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला, ३५० रुपये. हे आधी सुचलं असतं तर घंटेची गरज पडली नसती. तरी ती ठेवली आहे, इन्व्हर्टरही कधीतरी उतरतो.

मंगळवार, २ जुलै

एका आजोबांनी चिठ्ठी बघून विचारलं, “बाई, १७ ला आषाढी. तुम्ही उघडं ठेवता?”

ठेवत नाही. सकाळपासून चोवीस पुस्तकांवर १७ जुलै पडलं होतं. आजोबांचं पुस्तक परत घेतलं, काकांनी तारीख खोडून १८ केली, मी सही केली. बाकीच्या तेवीस जणांसाठी फळ्यावर लिहिलं: १७ तारखेची पुस्तकं १८ ला घेऊ, दंड नाही.

संध्याकाळी सुट्ट्यांची यादी घालायला बसले. परतीच्या तारखेवर ‘इफमॅच’ ही जुळणीची अट लावली: ती १७-०७ असेल तर एक दिवस जादा, नसेल तर शून्य. स्किन ताजी केली आणि तारीख लुकलुकायला लागली. १७, १८, १७, १८, सेकंदाला एकदा.

बराच वेळ पडद्याकडे नुसती बघत राहिले. मग उमगलं. तारीख १७ असल्यावर एक दिवस वाढतो आणि ती १८ होते. १८ यादीत नाही, म्हणून वाढ काढून घेतली जाते आणि ती पुन्हा १७ होते. मी ज्या तारखेची परीक्षा घेत होते तीच बदलत होते. आता दोन वेगळे मेझर केले. एक ‘कच्ची’ तारीख, नेहमी आज अधिक पंधरा, पडद्यावर न दिसणारी. दुसरी ‘पक्की’, दाखवायची. परीक्षा फक्त कच्चीची. तिच्यात देवनागरी अंकही आणायचे नाहीत, नाहीतर यादीशी जुळवताना गोंधळ होतो. लुकलुक थांबली. रात्रीचे साडेअकरा.

शनिवार, ६ जुलै

रात्रभर वीज नव्हती आणि लॅपटॉप चार्जरवरून काढलेला होता. सकाळी उघडला. काका म्हणाले, “मॅडम, आज जानेवारी आहे काय?”

पट्टीवर १ जानेवारी, परत करण्याची तारीख १७ जानेवारी. साल २०१२. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. मोठी बॅटरीही उतरली की घड्याळाला धरून ठेवणारं काही उरत नाही. नेट आलं की विंडोज वेळ जुळवून घेतं, पण आमच्याकडे नेट म्हणजे माझा फोन. शिक्का काकांनी हातानेच लावला होता म्हणून चिठ्ठ्या वाचल्या. नोंदवहीत मात्र तीन नोंदी २०१२ च्या पडल्या, त्या दुरुस्त केल्या.

सेल सीआर २०३२, ५० रुपये. बसवायला २५० रुपये आणि अर्धा दिवस. पट्टीतही एक अट घातली: साल २०२४ पेक्षा कमी असेल तर तारीख दाखवूच नकोस, फक्त ‘घड्याळ चुकलं आहे’ असं लाल अक्षरांत लिही. चुकीची तारीख ठामपणे दाखवण्यापेक्षा पट्टी कोरी असलेली चांगली.

मंगळवार, २३ जुलै

शेजारच्या गावच्या ग्रंथपाल ताईंना ही पट्टी हवी होती. मी फाइलमधला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी तो नव्या नोटपॅडमध्ये चिकटवून जतन केला आणि तीच टोप्यांची रोमन अक्षरं त्यांच्या पडद्यावर. नवी फाइल म्हणजे पुन्हा यूटीएफ-८. त्यांची दुपार वाया गेली, याचं वाईट वाटलं. ११ जूनची नोंद आधी पाठवायला हवी होती.

आता रेनमीटरच्याच सोयीने ‘आरएमस्किन’ पुडकं बांधलं. दोनदा टिचकी मारली की सगळं जागच्या जागी बसतं. त्यांच्याकडे पुस्तक सात दिवसांसाठी देतात आणि शुक्रवारी बंद असतं. म्हणून दिवस, सुट्टीचा वार आणि सणांची यादी वेगळ्या फाइलमध्ये काढली. ती फाइलही यूटीएफ-१६ एलईच हवी, मुख्य फाइल तशी असून भागत नाही. सोमवारचं माझं सोपं गणित सात दिवसांना चालत नाही. तिथे शुक्रवार बंदच असल्याने शुक्रवारी पुस्तक दिलं जात नाही, म्हणजे सात दिवसांनी शुक्रवार येतच नाही. त्यांची ती अट काढूनच टाकली.

बुधवार, २१ ऑगस्ट

गणपती तोंडावर. आमच्याकडे ७ सप्टेंबर ते गौरीविसर्जन, म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत वाचनालय बंद. अर्धं गाव मुंबईहून येणाऱ्यांच्या गडबडीत असतं. यादीतलं ‘एक दिवस जादा’ इथे तोकडं. ७ चा ८ होईल, पण ८ लाही बंदच.

काकांनी वहीत दोन रकाने आखले: कच्ची तारीख, जादा दिवस. ७ ला सहा, ८ ला पाच, असं करत १२ ला एक. तेच फाइलमध्ये उतरवलं. ‘इफमॅच’ काढलं, ‘सब्स्टिट्यूट’मध्ये तारखेच्या बदल्यात जादा दिवसांचा आकडा, यादीत नसलेल्या तारखेला शून्य.

मग काकांनी विचारलं, “आणि रविवारी दिलेल्याचं काय?” रविवार २५ ऑगस्टचं पुस्तक. कच्ची तारीख ९ सप्टेंबर, सोमवार. यादीतले चार आणि रविवारचा एक, मिळून पाच, म्हणजे १४. उघडणार तर १३ ला. बेरीज चुकीची. दोन्हींपैकी मोठा आकडा घ्यायचा, त्यासाठी सूत्रात ‘मॅक्स’ आहे. लॅपटॉपची तारीख हाताने पुढे नेत २३ ते २८ ऑगस्ट एकेक दिवस तपासला. सहाही दिवशी पट्टीवर १३ सप्टेंबर. तपासून झाल्यावर तारीख परत आजची केली आणि काकांकडून ती बघून घेतली.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

सकाळी आठला पट्टीवर ‘परत करण्याची तारीख : १३ सप्टेंबर, शुक्रवार’. काकांनी आधी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, मग मान वर केली, मग शिक्का फिरवला.

पहिल्या काकू आल्या, त्यांनी चिठ्ठी पाहिली. “एकवीस दिवस? मग अजून एक द्या हो, मोठं असलं तरी चालेल.”